चाळिशीत पोहायला शिकायचंय? मग पहिल्या दिवशी पोहूच नका

लहानपणी आजोळच्या विहिरीवर मामेभावाने मला मागून ढकललं होतं. पाठीला डबा नाही, काही नाही, नाकातोंडात पाणी गेलं, दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि कुणीतरी वेणीला धरून वर काढलं. ढकलल्याशिवाय पोहायला येत नाही म्हणतात ना, मी त्यानंतर तीस वर्षं पाण्याच्या जवळ गेले नाही, कोकणात गेलो तरी सगळ्यांच्या चपला सांभाळत किनाऱ्यावरच.

म्हणून कम्फर्ट झोनच्या बाहेर पडायचं म्हणजे डोळे मिटून उडी मारायची असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. गावाकडे नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, त्यात केवढं शहाणपण होतं. येर्क्स आणि डॉडसन या दोन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे शॉक देऊन प्रयोग केला होता, त्यातही हेच दिसलं की काम अवघड असेल तेव्हा अगदी हलका नाही आणि जोरदारही नाही, मधला शॉक बसलेले उंदीर लवकर शिकले. थोडी धडधड हवीच, पण हातपाय गोठतील एवढी नको.

आता करायचं काय. आधी वहीत पायऱ्या लिहा, सगळ्यात कमी भीतीची वर. माझी पहिली पायरी होती तलावाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडणे, बस एवढंच, आणि त्यात मी पहिले दोन दिवस घालवले. मग उथळ भागात काठाचा बार धरून उभं राहणं, मग तोंड बुडवणं.

हे तोंड बुडवणं खरं अवघड. आपण श्वास धरून ठेवतो आणि तिथेच घाबरायला होतं, त्यामुळे वर तोंडाने श्वास घ्यायचा आणि पाण्यात नाका-तोंडाने बुडबुडे काढत सोडायचा, घाई न करता. घरी बादलीत करून बघा, मी रोज अंघोळीआधी दहा वेळा करायचे. बुडबुड्यांचा तो गुडगुड आवाज कानात भरला की डोक्यातलं बाकीचं गप्प होतं, खरंच.

एक गोष्ट मात्र पाळा. भीती एकदम वर चढलेली असताना बाहेर पळू नका, बार धरून तिथेच थांबा, छाती शांत झाली की मग खुशाल बाहेर या, नाहीतर मन हेच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर एक पायरी मागे या, पण जा नक्की.

मग तरंगणं. छातीत हवा भरून गुडघे पोटाशी घ्या, बहुतेक जणांचं अंग आपोआप वर येतं. भिंतीला पाय लावून सरकणं, पाय मारणं हे त्याच्यानंतर. कोचला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मला भीती वाटते, हात लावण्याआधी विचारा. लाजू नका. आणि एकट्याने कधीच उतरायचं नाही, लाइफगार्ड असलेलाच तलाव.

ध्येयही छोटंच ठेवा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदात सुवर्ण! पण सुरुवात झाली ती उपचाराने, हे मला फार धीर देतं. माझं ध्येय होतं उथळ भाग संपतो तिथल्या दोरीपलीकडे जाऊन परत येणं, त्याला चार महिने लागले.

बॅच निवडताना मे महिना टाळा, शाळेच्या पोरांच्या गर्दीत कुणाचा तरी पाय लागतो आणि सगळं परत पहिल्यापासून. डिसेंबरही नको, गार पाण्याने श्वास आपोआप अडकतो आणि आपल्याला वाटतं भीतीच वाटतेय. ऑक्टोबर बेस्ट.