मिश्र माध्यमात स्वतःची पात्रं रंगवताना या चुका टाळा

एक पात्र छान जमणं वेगळं आणि दहा-बारा पात्रांचा संच जमणं वेगळं. पहिल्या चित्रात जलरंगावर रंगपेन्सिल सुरेख बसते, पोस्टर रंगाचा एक पांढरा ठिपका डोळ्यांत जीव आणतो आणि त्या उत्साहात पुढची दोन-तीन चित्रंही होतात. सातव्या-आठव्या पात्रापर्यंत कागद बदललेला असतो, काळी रेषा दुसऱ्याच पेनची असते, नायिकेचा गव्हाळ वर्ण एका पानावर नारिंगी तर दुसऱ्यावर गुलाबी उतरलेला असतो. सगळी पानं शेजारी-शेजारी मांडली की ती एका हातची वाटत नाहीत.

स्वतःची पात्रं, म्हणजे हल्ली मुलं ज्यांना ‘ओसी’ (ओरिजिनल कॅरेक्टर) म्हणतात ती, रंगवणाऱ्यांच्या वह्या पाहताना मला हेच वारंवार दिसतं. बहुतेकांचा हात चांगला असतो. अडतं ते साहित्याची कामं ठरलेली नसतात म्हणून. हाताशी जलरंग, पोस्टर रंग, रंगपेन्सिली, ऑइल पेस्टल, शाई आणि मार्कर असतील, तर प्रत्येकाने काय करायचं आणि कितव्या क्रमाने यायचं हे पहिल्या पात्राआधी ठरलं पाहिजे.

सगळं साहित्य सगळीकडे वापरणं

नवं साहित्य घेतलं की ते प्रत्येक चित्रात कुठेतरी लावायचा मोह होतो. त्यातून चित्रात गर्दी होते आणि संचात गोंधळ. त्याऐवजी कामं वाटून द्या. त्वचा आणि कपड्यांचे मोठे भाग जलरंगाच्या वॉशने (म्हणजे भरपूर पाण्यातल्या पातळ, सपाट थराने), नऊवारीचे काठ आणि कपड्यांवरची नक्षी पोस्टर रंगाने, केस, घोंगडी, झाडाची साल असा खडबडीतपणा रंगपेन्सिलीने, आणि रेषा शाईने, अशी एक वाटणी. तुमची वाटणी वेगळी असू शकते. पण एकदा ठरली की ती पूर्ण संचभर पाळा. एखादं पात्र मुद्दाम वेगळं दिसायला हवं असेल, समजा बाकी सगळी माणसं आहेत आणि हे एकच भूत आहे, तर फक्त त्याला ऑइल पेस्टल द्या. मग वेगळं साहित्यही गोष्ट सांगायला लागतं. तेच पेस्टल सगळ्यांच्या गालांना लावलं असेल, तर भुताकडे वेगळं काही उरत नाही.

क्रम उलटा होणं

मिश्र माध्यमातल्या निम्म्या तक्रारी इथून येतात. रंगपेन्सिलीत मेण किंवा तेल असतं, ऑइल पेस्टलमध्ये दोन्ही असतं. त्यांच्यावर पाणी थांबत नाही, थेंबाथेंबांनी घसरतं. म्हणून आधी रंगपेन्सिलीने दाट छटा भरून वरून जलरंग दिला, तर रंग ठिपक्यांत बसतो आणि कितीही हात फिरवले तरी सपाट होत नाही. पाण्याचं काम आधी उरकायचं, मेणाचं नंतर. याला अपवाद एकच: मेणाने मुद्दाम जागा राखायची असेल तर. पांढऱ्या ऑइल पेस्टलने पावसाच्या तिरक्या रेघा ओढून वरून निळा वॉश दिला, की रेघा पांढऱ्या राहतात. पण हे ठरवून करायचं असतं.

पोस्टर रंगाचा स्वभाव निराळा. तो वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो. तपकिरी जॅकेटवर पांढरी नक्षी काढताना ब्रश ओला असेल आणि दोनदा फिरला, तर खालचा तपकिरी उचलला जातो आणि नक्षी चहाच्या रंगाची होते. नक्षीचा रंग दाट, साईसारखा ठेवा, एका फटक्यात रेघ ओढा आणि परत तिथे जाऊ नका. थरांवर थर हवेच असतील तर त्या भागापुरतं ॲक्रिलिक बरं. ते एकदा वाळलं की पाण्याने हलत नाही. मात्र गुळगुळीत वाळलेल्या ॲक्रिलिकवर पेन्सिल नीट धरत नाही आणि जलरंगही सरकतो, त्यामुळे त्या भागावर पुढे काय करायचं आहे तेही आधीच पाहा.

खोडरबराचं काम वॉशच्या आधी संपवा. शिशाच्या रेघेवरून जलरंग गेला की ती रेघ सहसा निघत नाही. कच्ची रेघ एचबीने हलकी काढा आणि पुट्टी रबराने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) दाबून आणखी फिकी करा.

मार्करबद्दलही एक सांगायला हवं. अल्कोहोल मार्कर मेणाच्या थरावरून फिरवला की त्याचं टोक बुजतं आणि महागाचा मार्कर हकनाक जातो. मार्कर वापरायचाच असेल तर तो रंगपेन्सिलीच्या आधी.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबणं

फाउंटन पेनची शाई बहुतेक वेळा पाण्यात पसरते. जेल पेनचा भरवसा नसतो. पिगमेंट शाईचे बारीक टोकाचे पेन चांगले असतात, पण ओढल्या-ओढल्या वरून ब्रश फिरवला तर तेही डाग पाडू शकतात. पाण्याला दाद न देणारी शाई अल्कोहोलला मात्र दाद देऊ शकते. म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर आपल्याकडच्या प्रत्येक पेनची रेघ ओढा, दहा मिनिटं थांबा, अर्ध्या रेघांवरून ओला ब्रश आणि उरलेल्यांवरून मार्कर फिरवा. हा तुकडा जपून ठेवा. टाक-बोरूने रेषा काढायची असेल तर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक उत्तम, फक्त ती फाउंटन पेनात भरू नका. लाख (शेलॅक) किंवा तसाच चिकट घटक असलेली शाई आत वाळून पेन कायमचं बंद करते.

संचाच्या मध्येच कागद बदलणं

मिश्र माध्यमासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड कागद घ्या. साध्या ड्रॉइंग वहीचा कागद पाण्याने फुगतो, आणि दोन-तीनदा ब्रश घासला की त्यावर बारीक गोळ्या सुटतात. पण जाडी म्हणजे सगळं नाही, पोतही पाहावा लागतो. कोल्ड प्रेस्ड कागदाचे दाणे वॉशला सुंदर दिसतात. त्यावर बारीक पेनची रेषा तुटक येते आणि पेन्सिलीचा रंग खळग्यांत उतरत नाही. हॉट प्रेस्ड कागद गुळगुळीत असतो. चेहऱ्यावरचं बारीक काम, शाई आणि रंगपेन्सिल त्यावर मजेत चालतात, वॉश मात्र झपाट्याने टाकावा लागतो. पात्रांच्या संचासाठी मी हॉट प्रेस्डच्या बाजूची आहे, कारण पात्र ओळखू येतं ते डोळ्या-भुवयांवरून, आणि तिथे रेषा तुटलेली चालत नाही. जाड जलरंगी कागद मार्करची शाई भराभर पितो, आणि मार्करसाठीचा पातळ कागद पाणी झेलत नाही. या दोघांना एका पानावर आणायचं असेल तरी गुळगुळीत जाड कागदच बरा पडतो.

सगळ्या संचाचा कागद एकदमच विकत घ्या आणि दोन-चार जास्तीची पानं ठेवा. पुढच्या महिन्यात दुकानात तोच कागद मिळेलच असं नाही. 22 × 30 इंचाच्या मोठ्या शीटचे आठ भाग केले की साधारण 7.5 × 11 इंचाची पानं होतात. एका पात्रासाठी तेवढं पुरतं.

त्वचेचा रंग दरवेळी अंदाजाने बनवणं

माझ्या मते यातली सगळ्यात मोठी चूक ही. ‘स्किन’ लिहिलेली तयार बाटली किंवा पेन्सिल बहुधा फिकट गुलाबी असते. ती लावून कोल्हापूरचा पैलवान, कोळीवाड्यातली आजी आणि नागपूरची शाळकरी पोर, तिघं एकाच वर्णाची होतात आणि तिघंही आपल्यातली वाटत नाहीत. मग सावळेपणा आणायला त्यात काळा मिसळला जातो, की त्वचा राखाडी, आजारी दिसते.

काळा बाजूला ठेवा. बर्न्ट सिएना पायाला घ्या. गव्हाळ वर्णासाठी त्यात येलो ऑकर वाढवा आणि पाणी जास्त ठेवा. सावळ्या वर्णासाठी बर्न्ट सिएना दाट ठेवून त्यात किंचित अल्ट्रामरीन निळा सोडा. गडद काळसर वर्णाला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, वर उजेडाच्या बाजूला थोडा तांबूसपणा. सावलीही याच रंगांतून, निळ्याचं प्रमाण वाढवून बनवा. गडद त्वचेवर कपाळ आणि नाकावरच्या उजेडात आभाळाचा हलका निळसर रंग दिसतो. तो पोस्टर रंगाने किंवा पेन्सिलीने शेवटी द्या.

मग प्रत्येक पात्राचा रंग लिहून ठेवा. एका वेगळ्या पानावर पात्राचं नाव, रंगाचा चौकोन, त्याखाली कोणते रंग आणि किती भाग. हे पान संचाच्याच कागदावर हवं, आणि जुळवणी वाळलेल्या चौकोनाशी करायची. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ॲक्रिलिक थोडं गडद होतं. पोस्टर रंगात तर फिके रंग गडद होतात आणि गडद रंग फिके. ओला रंग पाहून जुळवणारा हमखास चुकतो. मुख्य पात्राचा रंग एका घट्ट झाकणाच्या डबीत किंवा जलरंगाच्या रिकाम्या पॅनमध्ये (छोट्या चौकोनी वाटीत) जास्त बनवून ठेवला तर फार त्रास वाचतो.

पात्राची ओळख फक्त चेहऱ्यावर सोडणं

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, एकदा या नजरेने पाहावी. 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी 12 पानं. इतक्या छोट्या गोलात चेहऱ्याचा तपशील किती मावणार? म्हणून प्रत्येक अवताराला स्वतःची पार्श्वभूमी आणि स्वतःचं चिन्ह आहे. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या, परंपरेतही एका कथेची चित्रं पोथीत एकामागून एक येतात, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक नव्या चित्रात तोच राजा, तोच राक्षस लगेच ओळखू यावा लागतो. याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या संचालाही हेच लागू आहे. प्रत्येक पात्राला एक आकार, एक ठरलेला रंग आणि एक वस्तू द्या. मग सगळ्या पात्रांच्या काळ्या सावल्या एका ओळीत, खऱ्या उंचीच्या प्रमाणात काढा. दोन सावल्या सारख्या वाटल्या तर रंगवायला घेऊ नका. आधी केस, पदर, पिशवी, काठी, काहीतरी बदला. रंगकामाने ते झाकलं जात नाही.

पावसाळ्याला गृहीत धरणं

कोकण, गोवा, मुंबईत जून ते सप्टेंबर कागद ओलावा धरतो. वरून कोरडं वाटलं तरी आत दमट असतं. हाताची मागची बाजू कागदाला लावा; गार लागला तर अजून ओला आहे, पेन टेकवू नका, रेषा फुटेल. हेअर ड्रायर चालेल, पण लांबून, आणि मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलेलं असेल तर अजिबात नाही. उष्णतेने ते कागदाला घट्ट धरतं आणि काढताना वरचा थर सोलून नेतं. तयार पानं सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा. भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशीचे पिवळे ठिपके आले की ते पुसून जात नाहीत.

बिघडलंच तर

शाई पसरली तर पुसू नका. टिश्यूने टिपून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि त्या डागाला सावलीत सामावून घ्या किंवा दाट पोस्टर रंगाने झाका. कागदाच्या गोळ्या सुटू लागल्या तर पाण्याचं काम तिथेच थांबवा. वाळल्यावर वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या मागच्या बाजूने घोटा आणि उरलेलं पेन्सिलीने करा. मेणाचा थर जास्त होऊन पेन्सिल घसरायला लागली तर ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडा. गडद भागावर काही दिवसांनी आलेला पांढुरका धूसरपणा म्हणजे वर आलेलं मेण. मऊ कापडाने अलगद पुसलं की जातं. पांढरा जेल पेन मेणावर अडखळतो, म्हणून डोळ्यांतला ठिपका पेन्सिलीच्या दाट थरांआधी द्या. पान वाकडं झालं असेल तर मागची बाजू किंचित ओलसर करून दोन कोऱ्या टिपकागदांत घाला आणि जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. पेस्टल असलेल्या पानाला हा उपाय करू नका, ते कधीच पूर्ण वाळत नाही.

छपाईचा विचार शेवटी करणं

संच छापायचा असेल तर निऑन रंग, सोनेरी-चंदेरी रंग आणि अगदी फिके वॉश यांच्याबद्दल सुरुवातीलाच सावध व्हा. निऑन गुलाबी चार रंगांच्या छपाईत मलूल होतो, शिवाय उजेडात लवकर उडतो. सोनेरी रंग स्कॅनरमध्ये मातकट येतो, म्हणून मुकुट-दागिने छापायचे असतील तर येलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि जवळपास पांढरा उजेड यांनी सोनं ‘रंगवा’. फिका वॉश स्कॅनमध्ये गायब होतो. त्याला मूळ चित्रातच थोडं बळ द्या.

स्कॅन किमान 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके), मोठं छापायचं असल्यास 600 वर. पेस्टलचं पान थेट काचेवर दाबू नका, दिवसाच्या मऊ उजेडात त्याचा फोटो घ्या. बाकी सगळी पानं एकाच बैठकीत, एकाच सेटिंगवर, स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करून घ्या. त्यांच्यासोबत तुमचं रंगांच्या चौकोनांचं पानही स्कॅन करा. पडद्यावर रंग दुरुस्त करताना ते पान समोर धरून बसा, आणि छपाईवाल्याला पूर्ण संच देण्याआधी सगळ्यात गडद वर्णाच्या पात्राचं एक पान नमुना म्हणून छापून मागा. बिघाड असेल तर आधी तिथेच दिसतो.