युद्धाचा निकाल झाकून वाचा : आंतरराष्ट्रीय राजकारण नव्याने घेणाऱ्यांसाठी

साताऱ्यात राहून आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास होतो का, असं अभ्यासिकेत नव्याने येणारं जवळजवळ प्रत्येक जण विचारतं. होतो. पुण्यात खोली घेऊन मेसचा डबा खाल्ला म्हणून हा विषय जास्त कळत नाही. बरीच पुस्तकं नगरवाचनालयात मिळतात, उरलेली कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येतात. पण एका गोष्टीकडे सुरुवातीलाच लक्ष दिलं नाही, तर सातारा काय आणि दिल्ली काय, वर्ष वाया जातं. लिहायला बसले आहे ते तेवढ्यासाठीच.

वास्तववाद (राज्यं ताकद आणि भीतीवर चालतात), उदारमतवाद (व्यापार, संस्था आणि लोकशाही शांतता राखतात), रचनावाद (ओळख आणि कल्पना राज्यांचं वागणं घडवतात) तुम्ही वाचले आहेत असं धरून चालते. पहिलं महायुद्ध, सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेला क्युबाचा पेच, १९६२ चं भारत-चीन युद्ध, १९७१ चं भारत-पाक युद्ध हेही. मग आपण सगळे वहीत तोच तक्ता काढतो : डावीकडे संघर्ष, उजवीकडे सिद्धांत. क्युबा म्हणजे अण्वस्त्रांचा धाक, ७१ म्हणजे सत्तासंतुलन, युरोपीय संघ म्हणजे उदारमतवाद. उजळणी पटापट होते, अभ्यास झाल्यासारखा वाटतो. माझाही बराच काळ याच तक्त्यात गेला.

यात सापळा असा की युद्धाचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, आणि शेवट ठाऊक असला की कुठलाही सिद्धांत खरा ठरतो. १९१४ घ्या. युद्ध झालं, म्हणून वास्तववादी सांगतो : दोन गट, एकमेकांची भीती, शस्त्रांची चढाओढ, दुसरं काय होणार? समजा युद्ध झालंच नसतं. तर तोच म्हणाला असता : दोन्ही गट तुल्यबळ होते, सत्तासंतुलनाने शांतता राखली. उदारमतवाद्याचंही तसंच. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात मोठा व्यापार होता. युद्ध टळलं असतं तर श्रेय व्यापाराला गेलं असतं. टळलं नाही, तर दोष कमकुवत संस्थांना. जे दोन्ही निकालांना सारखंच लागू पडतं, त्याने तुम्हाला १९१४ बद्दल नवीन काय सांगितलं? काहीच नाही. हे पुन्हा एकदा वाचा, मगच पुढे जा. इथे घाई केलेली मुलं मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला गप्प होतात.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे तारीख थांबवायची. कोऱ्या पानावर एक तारीख लिहायची, त्या दिवसापर्यंत जे उघड होतं तेवढंच मांडायचं, प्रत्येक सिद्धांताकडून पुढचं भाकीत लिहून घ्यायचं, आणि मगच इतिहासाचं पान उलटायचं.

१० ऑगस्ट १९७१ ही तारीख घेऊन बघा. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग पक्षाला बहुमत मिळालंय, २५ मार्चपासून पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई चालू आहे, लाखो निर्वासित भारतात आलेत. अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले, हे अध्यक्ष निक्सन यांनी १५ जुलैला जाहीर केलंय. आणि कालच, ९ ऑगस्टला, भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केलाय. आता लिहा.

वास्तववादी लिहील : अमेरिका आणि चीन जवळ आले, म्हणून भारत मॉस्कोकडे सरकला. इथवर छान. पण युद्ध पेटलं तर चीन सैन्य उतरवेल का? इथे त्याला हो किंवा नाही लिहावंच लागतं. चीन पाकिस्तानच्या बाजूने बोलला, उतरला मात्र नाही. मग कारणं शोधायला लागतात : १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर सोव्हिएत सैन्याशी झालेली चकमक, हिवाळ्यात बंद होणाऱ्या हिमालयातल्या खिंडी. अभ्यास खरा इथे सुरू होतो. लोकशाही देश एकत्र येतात असं मानणारा लिहील की अमेरिका भारताच्या बाजूने असेल. ते साफ चुकलं. निक्सन पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्यामागे उभे राहिले. रचनावादी म्हणेल की धर्मावर उभं केलेलं राष्ट्र भाषेच्या प्रश्नावर फुटेल. बरोबर, पण युद्ध कधी होईल, हे त्याला सांगता येत नाही. आणि युद्ध पेटल्यावर ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने १०४ आणि विरोधात ११ मतं पडली, याचा अंदाज यातल्या कुणाच्या भाकितात होता? एवढे देश भारताच्या मनाविरुद्ध का गेले, यावर एक संध्याकाळ घालवा. आपलीही सीमा उद्या अशीच बदलेल ही धास्ती कुणाकुणाला होती, ते एकेक देश घेऊन बघा.

पहिल्यांदा हे करताना भाकितं चुकतात आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. वाटू द्या. चुकलेलं भाकीतच सांगतं की सिद्धांत कुठे तोकडा पडला. हळूहळू तुम्ही आपोआप तीन पायऱ्यांवर विचार करू लागता : माणूस, राज्य आणि राज्यांची एकूण व्यवस्था. १९१४ मध्ये जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार हे भाऊबंद एकमेकांना तारा पाठवत होते, तरी युद्ध थांबलं नाही. माणसाच्या पायरीची मर्यादा तिथे दिसते. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. ज्या गोळीवरून युद्ध पेटलं त्या साराएव्होतल्या गोळीचा अपशिंग्याशी काय संबंध, याचं उत्तर साम्राज्याच्या व्यवस्थेत शोधावं लागतं, राजांच्या स्वभावात नाही.

जवळचं आणखी एक उदाहरण : ईस्ट इंडिया कंपनीशी झालेला १८१९ चा तह, १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करणं आणि १८४८ मध्ये सातारा खालसा होणं. महाराजांचे वकील रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये तहाचा दाखला देत बसले आणि कंपनीने ऐकलं नाही. करार आणि ताकद यांचं नातं समजून घ्यायला हे फार उपयोगी आहे. मात्र सातारा तेव्हा बरोबरीचं सार्वभौम राज्य नव्हतं, त्यामुळे उत्तरपत्रिकेत ते सरळ आंतरराष्ट्रीय संघर्ष म्हणून खपवू नका.

शॉर्टकटबद्दल स्पष्टच सांगते. टेलिग्रामवरच्या चाळीस पानी नोट्स फेकून द्या. त्यात तोच तक्ता असतो, फक्त रंगीत. मार्गदर्शक शोधत असाल तर जगाचं भवितव्य तासभर सांगणारे सर टाळा. तुमची वही घेऊन 'हे कशावरून?' असं समासात लिहून देणारे बघा. असे शिक्षक साताऱ्या-सांगलीच्या साध्या कॉलेजांत आहेत, फी घेत नाहीत, फक्त स्वतःहून जाऊन विचारावं लागतं. इंग्रजीची भीती मात्र सोडा. मूळ लेखन सुरुवातीला दिवसाला दोन पानं झालं तरी पुरे, वेग नंतर येतो.

७१ झालं की कारगिल घ्या. तारीख २२ फेब्रुवारी १९९९ ठेवा : आदल्याच दिवशी भारत-पाकिस्तानच्या लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्यात, दोन्ही देशांत निवडून आलेली सरकारं आहेत, दोघांनीही मे १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्यात. लोकशाही देश आपसांत लढत नाहीत म्हणणारा काय लिहील, अण्वस्त्रांच्या धाकावर विसंबणारा काय लिहील, ते आधी पेनने लिहा. मग मे १९९९ कडे जा, आणि भारतीय हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा आदेश का होता, हे दोघांच्याही भाकिताशी ताडून बघा.