हलाखीतही माणूस चांगला कसा राहतो: घरच्यांसोबत चित्रपट पाहण्याची एक रीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरातल्या बहुतेक घरांत दुपारी पडदे ओढून, कूलर लावून चित्रपट पाहिले जातात. त्यांतले दोन-तीन चित्रपट मुलांना सोबत घेऊन एकाच गोष्टीच्या शोधात पाहावेत: हलाखीत सापडलेल्या माणसाचा पाय घसरू लागतो, तेव्हा घरातले कोण त्याला सावरते आणि कशाने. त्यासाठी वेळ मात्र संध्याकाळची निवडावी, कारण कूलरच्या घरघरीत जुन्या चित्रपटांतले हलके संवाद बुडून जातात.

सुरुवात बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) पासून करावी. जमीन वाचवण्यासाठी तीन महिन्यांत कर्ज फेडायचे असल्यामुळे शंभू मुलासह कलकत्त्याला जातो आणि हातरिक्षा ओढू लागतो. मुलाने चोरी केल्याचे कळताच तो संतापतो. तिथे चित्रपट थांबवावा आणि पैशांची इतकी निकड असलेला बाप का चिडला, एवढेच मुलांना विचारावे. उत्तर आपण देऊ नये.

त्यानंतर व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) पाहावा, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकार बापाला भित्तिपत्रके चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल लागते. गहाण पडलेली सायकल सोडवून आणण्यासाठी त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीला जाते. दिवसभर शोधून हरलेला बाप शेवटी लहानग्या ब्रुनोला ट्रामने जायला सांगतो आणि स्वतः दुसऱ्याची सायकल पळवू पाहतो. मुलाला आधी दूर पाठवण्याची त्याला गरज का वाटली, हा माझ्या मते सगळ्या चित्रपटातला कळीचा प्रश्न आहे. बाप पकडला जातो, लोक त्याला मारतात, आणि ट्राम चुकलेला ब्रुनो ते सारे पाहतो. तो रडत रडत बापाची खाली पडलेली टोपी उचलतो आणि तिच्यावरची धूळ झटकतो. त्या मुलाकडे पाहूनच सायकलीचा मालक तक्रार करत नाही. शेवटची दहा मिनिटे आवाज बंद करून पुन्हा पाहावीत, म्हणजे कोण कोणाकडे केव्हा पाहते हे स्पष्ट दिसते.

इथे मोठ्यांनी एक काळजी घ्यावी. प्रेम असले की माणूस चुकत नाही, असे मुलांना सांगू नये, कारण हा बाप घरच्यांच्या प्रेमापोटीच चोरीपर्यंत पोहोचला होता. प्रेमाने एवढेच केले, की चोर म्हणून पुढे जगणे त्याला अशक्य करून टाकले.

पैशांपलीकडचे संकट पाहायचे असेल तर संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) निवडावा. डोळ्यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार आहे, हे त्याला सांगायचे कसे, या प्रश्नाने आजोबांची जी घालमेल होते ती मुलांना सहज समजते. आईच्या लांबलचक उपदेशावर उभे असलेले चित्रपट या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत.

चित्रपट संपल्याबरोबर चर्चेला बसू नये. जेवणे होऊ द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या ओढगस्तीच्या दिवसांबद्दल विचारावे. आमच्याकडे टोपीचा प्रसंग पाहिल्यावर भाच्याने माझ्या आईला असे विचारले, तेव्हा तिने गिरणी बंद पडल्यानंतरची एक गोष्ट प्रथमच सांगितली. इतवारीतल्या एका दुकानदाराने किराण्याच्या हिशेबात चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले होते, आणि माझे वडील, आबाजी, भर उन्हात घरून पायी परत जाऊन ते देऊन आले. “पण आजी, तेव्हा तर घरात पैसेच नव्हते ना?” भाच्याने विचारले. “नव्हते रे,” आई म्हणाली, “पण किराणा घेऊन घरी आल्यावर सुटे पैसे त्यांनी माझ्याकडूनच मोजून घेतले होते.”