इंग्रजी शब्दातलं लॅटिन कसं ओळखावं?

आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार. शाळेत संस्कृतच्या बाईंनी एका 'हृ' धातूतून हे सगळे शब्द काढून दाखवले असतील, तर तुमची निम्मी तयारी झालेलीच आहे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचीही अशीच फोड करता येते: उपसर्ग, धातू, प्रत्यय.

पहिली पायरी : एकच धातू घ्या. याद्या पाठ करू नका, त्या टिकत नाहीत. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. स्टेशनावर सामान वाहतो तो पोर्टर. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट. बातमी परत घेऊन येणं म्हणजे रिपोर्ट आणि खालून भार पेलणं म्हणजे सपोर्ट. एअरपोर्टमधला पोर्ट मात्र यातला नाही. तो बंदर या अर्थाच्या 'पोर्टुस' शब्दाचा.

दुसरी पायरी : उपसर्गाचा संधी सोडवा. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, हे आपल्याला ठाऊक असतं. लॅटिनमध्ये 'इन' हा नकाराचा उपसर्ग तसाच पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: इललीगल, इररेग्युलर, इम्पॉसिबल. 'कॉन'चंही तेच, कलेक्ट आणि करेक्ट ही त्याचीच रूपं. मुलं विचारतात ना, कलेक्टमध्ये एल एक की दोन? दोन. एक उपसर्गाचा, एक धातूचा. ही एक गोष्ट कळली की स्पेलिंगची बरीच घोकंपट्टी वाचते.

पण 'इन' दरवेळी नकारच सांगतो असं नाही, 'आत' असाही त्याचा अर्थ आहे. टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असेल तर ते पेट न घेणारं नव्हे, चटकन पेट घेणारं असतं!

तिसरी पायरी : संस्कृतातला भाऊबंद शोधा. डेंटलमध्ये दंत, पेडलमध्ये पद, इग्निशनमध्ये अग्नी, नेव्हीमध्ये नौ. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये तर सप्त, अष्ट, नव, दश ओळीने उभे आहेत. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा. यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली, असं मात्र म्हणू नका. दोन्ही एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, हा विचार संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यातल्या भाषणात मांडला आणि तोच पुढे टिकला.

चौथी पायरी : मूळ अर्थ आजच्या अर्थाशी ताडून पाहा. मॅन्युफॅक्चर म्हणजे खरं तर हाताने बनवणं. आता ते यंत्रं करतात. कँडिडेटच्या मुळाशी 'कँडिडुस', म्हणजे शुभ्र, कारण रोममधले उमेदवार खडूने पांढरा केलेला झगा घालून मतं मागत. आपल्याकडे कडक इस्त्रीची खादी असते, एवढाच फरक.

शेवटी शब्दकोशातली व्युत्पत्ती बघाच. सॅलरीचं नातं मिठाशी, 'साल'शी आहे हे खरं. पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मिळायचं, या लोकप्रिय गोष्टीला भक्कम पुरावा नाही. आणि आयलंडमधला तो मुका एस? शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. एस त्यात मागाहून घुसला, लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या, बेट याच अर्थाच्या 'आइल' (isle) या शब्दाचं बघून.