लिहिल्याचे पैसे: वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत कुठे, केव्हा, कसे

व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याला एक तरी पोस्टर येतं. वर शाईच्या दौतीचं चित्र, मधोमध 'राज्यस्तरीय भव्य काव्यलेखन स्पर्धा', खाली 'आकर्षक सन्मानचिन्ह', आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात प्रवेशशुल्क. त्या बारीक अक्षरांचा हिशोब आधी मांडायचा. समजा शुल्क 300 रुपये आहे आणि 200 जणांनी कविता पाठवल्या, तर 60,000 जमले. बक्षिसं 5,000, 3,000 आणि 2,000, म्हणजे दहा हजारांत आटोपली. हॉल, चिन्हं, चहा-पोहे यांना आणखी 15,000 धरा. तरी 35,000 आयोजकाकडे उरतात. ते पैसे कवींच्याच खिशातून गेलेले असतात.

'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' हा त्याचाच भाऊ. साठ कवी, प्रत्येकी 1,200 रुपये, दोन पानं आणि दोन प्रती. 72,000 गोळा झाले. 200 प्रती छापायला प्रतीमागे 100 रुपये धरले, तरी खर्च 20,000. हे पुस्तक दुकानात दिसत नाही, कारण घेणारे सगळे आतच छापलेले असतात. 'आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी) वेगळे पैसे' असं कोणी म्हटलं तर तिथेच फोन ठेवा. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, आणि तो फुकट असतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो.

शुल्क आहे म्हणून प्रत्येक स्पर्धा खोटी, असं मात्र नाही. एकांकिका स्पर्धेत नाट्यगृहाचं भाडं असतं, म्हणून संघ शुल्क भरतो. पण नुसतं कागदावरचं लेखन पाठवायला पैसे मागितले, तर आमच्या मते नव्याण्णव वेळा सोडून द्यावं.

कोणतीही स्पर्धा दिसली की आयोजकाला फोन करून चार गोष्टी विचारा: बक्षिसाची रक्कम आकड्यात किती, परीक्षक कोण, न जिंकलेल्या लेखनाचे हक्क कोणाकडे, आणि मागच्या वर्षी पहिलं कोण आलं. चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. विजेत्याचं नाव कळलं की त्यालाच विचारायचं, 'पैसे खात्यात आले का?' आपल्या भागात दोन माणसांमागे तिसरा ओळखीचा निघतोच.

हंगाम ओळखा

लेखनाचे पैसे पिकासारखे ठरावीक वेळेला येतात. पण लेखनाचा हंगाम आणि शेताचा हंगाम नेमके एकमेकांवर आदळतात. दिवाळी अंकांचे संपादक मे-जूनपासून साहित्य गोळा करू लागतात आणि बहुतेकांची दारं जुलै-ऑगस्टमध्ये बंद होतात. तेव्हा विदर्भाच्या पश्चिमेकडे डवरणी-निंदण चालू असतं, पूर्वेकडे धानाची रोवणी. सरकारी योजना आणि पुरस्कारांचा महिना बहुधा जानेवारी, तेव्हा कापसाची वेचाई संपलेली नसते. म्हणून लिहायचं ते एप्रिल-मेमध्ये, वखरणी झाली आणि पाऊस पडायचा आहे त्या दिवसांत. जून उजाडताना दोन कथा आणि एक ललित लेख तयार पाहिजे. संपादकाचा फोन आल्यावर लिहायला बसणं मोठ्या नावांना परवडतं.

दिवाळी अंकांचे पत्ते शोधायला नेट लागत नाही. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मागच्या वर्षीचे अंक पडलेले असतात. प्रत्येकाचं संपादकांची नावं असलेलं पान फोनमध्ये टिपून घ्या, त्यावर पत्ता, ईमेल आणि नंबर असतो. मग अनुक्रमणिका बघा. सगळीच नावं प्रसिद्ध असतील तर तिथे पहिली कथा लागणं कठीण. पाच-सात अनोळखी नावं दिसली तर तो अंक नव्याला वाचतो. आणि निम्म्या जागेत बिल्डर, पतसंस्था आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छा असतील, तर अंकाकडे पैसा आहे. तो लेखकापर्यंत पोचतो का, एवढंच विचारायचं राहतं. 'मानधन देता का?' हा प्रश्न लाजिरवाणा नाही. काही अंक पैसे देतात, काही फक्त प्रत पाठवतात, काहींची प्रतसुद्धा आपल्यालाच विकत घ्यावी लागते. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांचंही असंच आहे.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन अंकांत तीच कथा छापून आली तर दोन्ही संपादक पुढच्या वर्षी ईमेल उघडत नाहीत. मग थांबायचं किती? पोळ्यापर्यंत. तोवर उत्तर आलं नाही तर एक फोन करा, 'कथा घेत नसाल तर दुसरीकडे देतो' असं सांगा आणि मोकळे व्हा.

जानेवारीची दोन दारं

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय अशा प्रकारांत हस्तलिखित मागवतात. अनुदान पुस्तक छापण्यासाठी असतं, हातात नगद येईल असं धरून चालू नका. इथे सगळ्यात जास्त माणसं एकाच कारणानं अडतात: आधी कुठेतरी पैसे भरून 40 पानांचा संग्रह काढलेला असतो. तेच त्यांचं पहिलं पुस्तक ठरतं आणि योजना हातची जाते. घाईनं पुस्तक काढण्याची खरी किंमत ही आहे.

दुसरं दार छापलेल्या पुस्तकांचं. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारात प्रौढ वाङ्मयाला 1 लाख, बालवाङ्मयाला आणि लेखकाच्या प्रथम प्रकाशनाला 50,000 रुपये असतात. मागच्या कॅलेंडर वर्षात, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात निघालेली पुस्तकं चालतात. प्रवेशिका द्यायला मुंबई गाठायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात त्या स्वीकारल्या जातात. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशनाचं वर्ष आणि 'पहिली आवृत्ती' स्पष्ट छापलेलं हवं. डिसेंबरात छापून पानावर पुढचं साल टाकायची काही प्रकाशकांना हौस असते, म्हणून प्रूफ बघताना हे पान आधी बघा. वर्षाची जाहिरात मंडळाच्या संकेतस्थळावर, 'महासंवाद' या सरकारी बातम्यांच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर येते. प्रतींची संख्या आणि शेवटची तारीख दरवर्षी त्या जाहिरातीतूनच घ्यायची, मागच्या वर्षीच्या आठवणीतून नाही.

वय 35 च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, 50,000 रुपये, हाही डोळ्यासमोर ठेवा. 1923 पासून चालत आलेल्या विदर्भ साहित्य संघाचेही वार्षिक वाङ्मय पुरस्कार आहेत. नागपूरला जाणं जमत नसेल तर जवळच्या शाखेत चौकशी करा.

रेडिओ आणि रंगमंच

नागपूर, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ इथे आकाशवाणीची केंद्रं आहेत, आणि खेड्यातला लेखक हे दार वाजवायला विसरतो. केंद्राच्या नावानं साधं पत्र लिहा: आपण काय लिहिता, वय किती (तरुणांसाठी युववाणी वेगळी असते), सोबत एक कथा किंवा चार-पाच कविता. निवड झाली की करारपत्र येतं, त्यावर रक्कम आणि रेकॉर्डिंगची तारीख असते. सही करून ते परत पाठवायचं आणि बँकेचे तपशील द्यायचे. मराठी गद्य सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण 110 शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांच्या कथेला 1,100 शब्द. 1,800 शब्दांची कथा घेऊन गेलात तर स्टुडिओत उभ्याउभ्या कापावी लागते, आणि कापला जातो तो शेवटच. सुटे कागद वापरा, एकाच बाजूला लिहा, पिन काढून टाका. पान उलटल्याचा आवाज मायक्रोफोन बरोबर पकडतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या लिहिणाऱ्यांकडे आणखी एक बाजार आहे, जो पुण्या-मुंबईच्या लेखकाला ठाऊकही नसतो: झाडीपट्टीची रंगभूमी. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे नाट्य मंडळांचं गाव. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्याबरोबर हंगाम लागतो, रात्रभर नाटकं चालतात आणि गावोगावची मंडळं तिकीट लावून प्रयोग घेतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामाबद्दल.

इथे नाटक पाठवून भागत नाही, ते वाचून दाखवावं लागतं. संहिता पावसाळ्यातच निर्मात्यापर्यंत पोचवा, दसऱ्यानंतर गेलात तर पुढच्या सालची गोष्ट. आधी त्या मंडळाचे दोन प्रयोग पूर्ण बघा आणि मोजा: स्त्री पात्रं किती, गाणारा नट कोण, विनोदी नटाला किती प्रवेश लागतात, गाणी कुठे येतात. मंडळाकडे दोन नट्या असताना पाच बायकांचं नाटक नेऊन उपयोग नाही. पैसे एकरकमी की प्रयोगामागे, हे तोंडी ठरलं तरी त्याच रात्री मेसेजवर लिहून पाठवा: 'आज ठरल्याप्रमाणे दर प्रयोगाला इतके.' समोरून 'हो' आलं की तेवढा पुरावा हाती राहतो. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. त्या अर्जात लेखक म्हणून कोणाचं नाव जातंय, ते स्वतः बघा.

लहान मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून चालू आहे, वाचक 8 ते 14 वयाचा. मोबाइलवर 'प्रतिलिपि' या लेखन-वाचनाच्या अ‍ॅपच्या स्पर्धा असतात, किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं. हात चालता ठेवायला दोन्ही ठीक, पण त्यावर खताची उधारी फेडायचा बेत आखू नका.

पाठवताना घोळ कुठे होतो

फाँटमध्ये. तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी असतं. ती फाइल संपादकाच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. टायपिंगवाल्याला आधीच 'युनिकोडमध्ये पाहिजे' असं सांगा आणि ईमेलला वर्ड व पीडीएफ दोन्ही जोडा. फोनवर स्वतः टाइप करत असाल तर स्वयंदुरुस्ती बंद ठेवा. ती 'मले'चं 'मला' करते, 'काऊन'चं भलतंच काही, आणि वऱ्हाडी संवादाची वाट लागते. 'वऱ्हाड' लिहिताना 'ऱ्ह' नीट आला का, 'वर्हाड' तर झालं नाही ना, हेही बघा.

शब्दमर्यादा पाळा. हाताने लिहीत असाल तर वहीच्या 25 ओळी, ओळीत 10 शब्द, म्हणजे पानाला 250. 1,500 शब्दांची कथा सहा पानांत बसली पाहिजे. कथेच्या पानांवर नाव घालायचं नाही असा नियम अनेक स्पर्धांत असतो. नाव, पत्ता, फोन, खातं क्रमांक आणि आयएफएससी वेगळ्या कागदावर द्या. 'अप्रकाशित' मागितलं असेल तर फेसबुकवर टाकलेली कविताही बरेच आयोजक प्रकाशित धरतात. निकाल लागेपर्यंत स्टेटसलाही ठेवू नका. आणि शेवटच्या रात्री पाठवायचं नाही. वीज असते तेव्हा टॉवर नसतो. दोन दिवस आधी ईमेल, पाच-सहा दिवस आधी स्पीड पोस्ट, पावती वहीत डकवलेली.

सहीआधी हक्कांचा मजकूर वाचा. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे' असं छापलेलं असेल तर त्यावर रेघ मारून 'या अंकात एकदा छापण्याची परवानगी' असं लिहा. चांगला संपादक ते मान्य करतो.

राहिली वही. शंभर पानी पुरे. एका ओळीत एक लेखन: 'म्हैस, कथा, 1,850 शब्द, अमुक दिवाळी अंक, 22 जून, ईमेल, मानधन विचारलं: हो, पोळ्याला फोन.' अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी मेसेज टाका: 'सर, नमस्कार. आपल्या यंदाच्या अंकात पान 84 वर माझी कथा आली, आभार. मानधनासाठी खात्याचा तपशील पाठवतो आहे.' महिन्यानं तोच मेसेज पुन्हा, फक्त तारीख बदलून. संक्रांतीपर्यंत काही आलं नाही तर त्या अंकाच्या नावापुढे लाल फुली मारा, आणि जूनमध्ये वही उघडाल तेव्हा त्या ओळीखालून सुरुवात करा.