आई-बाबांच्या स्मरणशक्तीसाठी काही देताय? आधी या चुका टाळा

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगेत हल्ली म्हाताऱ्या आई-बाबांसाठी ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) कॅप्सूलचा डबा हमखास निघतो. आणलेला असतो काळजीपोटीच. पण परसात रातांबा (कोकमाचं फळ) आणि बांधावर शेवगा असलेल्या घरात त्या डब्याची गरज बहुतेक वेळा नसते. गरज असते ती जे आहे ते नीट आणि नेमाने खाल्लं जाण्याची.

गोळीला अन्नाच्या जागी बसवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन मात्र तो सुमारे २० टक्के वापरतो. त्यात सहज ऑक्सिडाइज होणारी स्निग्धद्रव्यंही भरपूर असतात. त्यामुळे वयाबरोबर तिथे झीज होते, हे खरं. मग थेट अँटिऑक्सिडंटची गोळीच का देऊ नये? ते करून झालं आहे. सौम्य स्मृतिदोष असलेल्या लोकांना रोज २००० युनिट व्हिटॅमिन ई दिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. अल्झायमरकडे होणारी वाटचाल त्याने थांबली नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं.

वनस्पतींमधली पॉलीफेनॉल्स (त्यांच्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) रक्तात पोहोचतात ती अगदी थोडी. मेंदूतले फ्री रॅडिकल्स (पेशींना झिजवणारे अस्थिर रेणू) थेट टिपून घ्यायला तेवढी पुरत नाहीत. त्यांचा उपयोग होत असेल तर तो बहुधा वेगळ्या वाटेने होतो: पेशींना चाळवून त्यांची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवणं, आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य पुरवणं, रक्तवाहिन्या चांगल्या ठेवणं. हे रोज थोडं थोडं खाल्ल्याने घडतं, महिनाभर गोळ्यांचा कोर्स करून नाही.

हळदीचंही तसंच. हळदीच्या पुडीत करक्युमिन (तिचं मुख्य गुणकारी द्रव्य) साधारण ३ टक्के, आणि तेही नुसतं घेतलं तर अंगी लागत नाही. मिरीसोबत शोषण वाढतं. आपल्या सांबाऱ्यात, तिखल्यात हळद, मिरी आणि नारळ एकत्रच असतात, तेवढं पुरे. हळदीच्या तीव्र अर्काच्या, खास करून मिरीचा अर्क मिसळलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अशी गोळी चालू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ती लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा.

कोकम सरबतावर भिस्त ठेवणं

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान वाटावाच. त्याचा लाल रंग अँथोसायनिन्सचा, म्हणजे फळांना लाल-जांभळा रंग देणाऱ्या पॉलीफेनॉल्सचा. जांभूळ आणि करवंदातही तीच जात. पण अमृत कोकम म्हणजे मुख्यतः साखर. मधुमेह स्वतःच डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवतो, तेव्हा बाबांना दुपारी दोन ग्लास सरबत देऊन फायदा कसा होणार? आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) साखर नाही, पण मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर सोलं भिजवून सोलकढी करा; आगळच घ्यायचं असेल तर वरून मीठ घालू नका.

आणि बाटली कुठे ठेवता तेही बघा. मे महिन्यात भरलेलं आगळ काचेच्या बाटलीत गडद लाल असतं. तीच बाटली खिडकीतल्या उन्हात राहिली तर पावसाळा सरेपर्यंत विटकरी, मग तपकिरी होते. आंबटपणा तसाच राहतो, अँथोसायनिन्स मात्र उडालेली असतात. काळोख्या, थंड कपाटात ठेवा आणि लागेल तेवढंच बाहेर काढा.

पालेभाजी पाहुण्यासारखी येणं

शिकागोच्या रश विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ९६० वृद्धांपैकी जे रोज साधारण एक वाढप पालेभाजी खात, त्यांची स्मरण-विचारशक्ती कमी खाणाऱ्यांपेक्षा हळू उतरत होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही. शिवाय पालेभाज्या-बेरींवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराच्या ६०४ जणांवरच्या चाचणीत तीन वर्षांनी तुलनेच्या गटाहून ठळक फरक दिसला नाही, हे २०२३ मध्ये समोर आलं. म्हणजे चमत्काराची अपेक्षा नको. तरीही मी पालेभाजीच्याच बाजूने आहे, कारण रक्तवाहिन्या, साखर, पोट या सगळ्यांनाच ती मानवते.

आपल्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मृगात टाकळा-कुर्डूची भाजी कौतुकाने होते, मग श्रावण उलटला की ताटात मासळी, भात आणि लोणचं. तारली-बांगडा मेंदूला चांगलाच, पण शेजारी लाल माठ हवा. आईचे दात गेले असतील तर ती भाजी टाळते आणि कोणाला सांगत नाही. शेवग्याचा पाला बारीक चिरून कुळथाच्या पिठीत सोडा, किंवा माठ मऊ शिजवून वर ओलं खोबरं घाला. खोबऱ्यातल्या स्निग्धांशामुळे पाल्यातलं ल्युटिन हे रंगद्रव्य नीट शोषलं जातं. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका, त्याने क जीवनसत्त्व जातं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन हे औषध चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका. प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि मग ते सारखं ठेवा.

मिश्री, तंबाखू, बिडी चालू ठेवून वर करवंदं खाऊन हिशेब जुळत नाही.

तरीही विसर वाढतोय?

मग स्वयंपाकघरात उत्तर शोधत बसू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, झोपेच्या गोळ्या, उदासी, कमी ऐकू येणं, यांतलं काहीही विसराळूपणासारखं दिसू शकतं आणि त्यातलं बरंचसं सुधारतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर बी-१२ तपासाच. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे १४ टाळता येण्याजोगे धोके दिले आहेत. बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा त्यातच येतात. विजेचं बिल दोनदा भरलं जातंय, स्वतःच्या वाडीत वाट चुकतेय, रोजच्या कढीत मीठ घालायचं राहतंय, असं वरचेवर दिसलं तर पुढच्या सणाची वाट बघू नका. तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या, काढे आणि चूर्णंसुद्धा.