केदार-बद्रीची स्वस्त सहल महाग का पडते? खान्देशातून निघणाऱ्या मित्रमंडळींनी या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडची मित्रमंडळी केदारनाथला निघतात तेव्हा हिशोब बहुतेक एकाच पद्धतीने मांडला जातो. रेल्वेचं तिकीट, गाडीचं भाडं भागिले माणसं, धर्मशाळा, जेवण आणि वर दोन-तीन हजार हातखर्चाला. आकडा छान दिसतो, पण त्यात अडकलेल्या दिवसाचा रकाना नसतो. दरड कोसळून रस्ता बंद झाला की बारा जणांचं राहणं, जेवण, गाडीचा थांबा आणि हुकलेलं परतीचं तिकीट हे सगळं एकदम अंगावर येतं. बचत राहण्या-खाण्यात करा, दिवसांत करू नका. बहुतेक बिघाड या एका गोष्टीतून सुरू होतात.

तारीख निवडतानाच होणारी चूक

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्याच दिवशी तिकडे गंगोत्री आणि यमुनोत्रीची दारं उघडतात. केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात आणि बद्रीनाथची वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात जाहीर होते. दोन्ही मंदिरं साधारण आखाजीच्या आगेमागे उघडतात. म्हणून 'आखाजी झाली की निघू' असं ठरतं. पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सर्वात जास्त गर्दीचे असतात. २०२४ च्या मे महिन्यात गर्दी इतकी झाली, की हरिद्वार-हृषिकेशची जागेवरची नोंदणी काही दिवस थांबवावी लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणारे तर हमखास फसतात. केदारनाथ आणि यमुनोत्री भाऊबीजेला बंद होतात, गंगोत्री त्याच्या आदल्या दिवसाच्या सुमारास, अन्नकूटाला (पाडव्याला). भाऊबीज करून निघालात तर केदारनाथचं दार बंदच दिसेल. बद्रीनाथ मात्र नोव्हेंबरात काही दिवस उघडं असतं.

जून-अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा पावसाचा काळ. खोल्या स्वस्त मिळतात, त्याचं कारणही तेच. ३१ जुलै २०२४ ला ढगफुटीने केदारनाथची पायवाट भीमबली-लिंचोलीच्या टप्प्यात तुटली आणि हजारो यात्रेकरूंना खाली आणावं लागलं. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली गाव पाणी आणि गाळाने उद्ध्वस्त केलं. कमी पैशात आणि कमी गर्दीत जायचं तर सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वात चांगला. अडचण इतकीच, की तेव्हा सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी दारात असते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मेचा शेवटचा आठवडा ते जूनची सुरुवात हा मधला मार्ग आहे.

तिकीट

आगाऊ आरक्षण १२० दिवस आधी सुरू होतं, हे आता जुनं झालं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची आहे. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात, तत्काळमध्ये चारच. बारा जण असाल तर दोघांनी दोन मोबाइलवर एकाच वेळी तिकीट काढायला बसावं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर आपोआप रद्द होतं, आणि वेटिंगवर आरक्षित डब्यात चढता येत नाही. 'बठ्ठा येतीन (सगळे येतील), दोन बर्थवर चार जण बसू' हा हिशोब आता चालत नाही.

भुसावळहून पंजाब मेल, कर्नाटक, गोवा, झेलम अशा गाड्यांनी दिल्ली गाठून पुढे हरिद्वारला जाणारे बरेच असतात. दिल्लीत दोन गाड्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवू नका, निदान पाच-सहा तास ठेवा. दोन्ही तिकिटं रेल्वेची असतील तर ती एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तीच हवीत.

परतीचं तिकीट मात्र डोंगरातून खाली येण्याच्या दिवसाचं काढूच नका. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. रस्ता सुरळीत राहिला तर तो दिवस हरकी पौडीवर आणि हृषिकेशात जातो, वाया जात नाही.

नोंदणी फुकट असते

चारधामसाठी (केदारनाथ, बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री) नोंदणी सक्तीची आहे. ती उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर किंवा 'टुरिस्ट केअर उत्तराखंड' अॅपवर होते आणि तिचे पैसे लागत नाहीत. कोणी 'व्हीआयपी नोंदणी'चे पाचशे मागत असेल तर तो फसवतोय. नोंदणी धामानुसार आणि तारखेनुसार होते. इथे नेमकी चूक अशी होते, की एक जण सगळ्यांची नोंदणी करतो आणि केदारनाथची तारीख हरिद्वारला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशीची टाकतो. रेल्वे सहा तास उशिरा आली की तपासणी नाक्यावर वाद. तारीख टाकताना हरिद्वारनंतरचा किमान तिसरा दिवस धरा. क्यूआर कोड प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि कागदावरही हवा, सोबत मूळ आधार कार्ड.

हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेली यात्रा संकेतस्थळावर मिळतं. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती आणि व्हॉट्सअॅपवर 'दोन सीट शिल्लक' म्हणणारे यांच्यापासून लांब राहा. आणि तिकीट मिळालं तरी ढग आले की उड्डाण रद्द होतं, तेव्हा पायी किंवा घोड्याने जायची तयारी असावीच.

गाडी: भांडणं इथूनच सुरू होतात

समजा टेम्पो ट्रॅव्हलर ६०,००० रुपयांना ठरली आणि बारा जण आहेत. माणशी ५,००० झाले. निघायच्या आठवड्यात तिघांनी माघार घेतली की नऊ जणांना माणशी सुमारे ६,६६७ पडतात. गाडीवाला भाडं कमी करत नाही, आणि त्याने का करावं? म्हणून गाडी ठरवण्याआधी प्रत्येकाकडून परत न मिळणारी रक्कम घ्या. न आल्यास पैसे जातील हे तोंडी नको, ग्रुपवर लिहून ठेवा. दोस्तीत वाईटपणा येतो म्हणून हे कोणी करत नाही, आणि मग केदारनाथच्या पायथ्याशी सोनप्रयागच्या रांगेत त्याहून जास्त वाईटपणा येतो.

गाडीवाल्याशी बोलताना या गोष्टी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या: किती दिवस, कुठून कुठपर्यंत, डिझेल, टोल, पार्किंग, राज्याचा कर आणि चालकाचा भत्ता भाड्यात आहे की नाही, डोंगरात एसी चालणार का (बहुतेक वेळा चालत नाही), आणि रस्ता बंद पडल्यास वाढलेल्या प्रत्येक दिवसाचा दर किती. शेवटचा मुद्दा आधी कोणी विचारत नाही आणि सर्वात मोठा भुर्दंड त्यातूनच बसतो. आगाऊ रक्कम २५-३० टक्क्यांहून जास्त देऊ नका.

पांढऱ्या पाटीची (खासगी) गाडी भाड्याने स्वस्त मिळते, पण ते बेकायदा आहे. नाक्यावर अडकली तर तुमची यात्रा तिथेच थांबते. व्यावसायिक गाडीला चारधामसाठी ग्रीन कार्ड (डोंगरात चालण्याची गाडीची परवानगी) आणि ट्रिप कार्ड (त्या फेरीची नोंद) लागतं. बसण्याआधी दोन्ही पाहा. रात्री डोंगरातल्या रस्त्यावर वाहतुकीला बंदी असते, त्यामुळे 'रात्रभर चालवून एक दिवस वाचवू' हा बेत मुळातच होत नाही.

घरची गाडी नेणाऱ्यांसाठी एकच तांत्रिक सूचना. मैदानी रस्त्याची सवय असलेला माणूस घाटात उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवतो. ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरवर चढ चढलात, साधारण त्याच गिअरवर उतरा. ब्रेक दाबा, सोडा, दाबून धरू नका. पेडल मऊ लागलं तर खालच्या गिअरवर येऊन सुरक्षित जागी थांबा, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

खरंच कमी पैसे असतील आणि चार-पाचच जण असाल तर पूर्ण गाडी घेऊच नका. हृषिकेशहून पहाटे सुटणाऱ्या बस आणि रुद्रप्रयाग, गुप्तकाशीहून मिळणारी सीटवारी वाहनं पुरतात. पहाटेची बस चुकली तर मात्र दिवस गेला.

केदारनाथची चढण

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उन्हातून निघालेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी शून्याच्या आसपासच्या रात्रीत झोपतो. स्वस्त बेतात सर्वात धोकादायक काटछाट इथे होते: 'पहाटे चढू, दर्शन घेऊ, रात्री खाली येऊ, मुक्कामाचे पैसे वाचतील.' गौरीकुंडापासून वाट सुमारे १६ किलोमीटरची आणि चढ साधारण १,६०० मीटरचा. सराव असलेल्यालाही सहा-सात तास लागतात, इतरांना आठ-नऊ. उतरताना अंधार, ओले दगड, खेचरांची गर्दी आणि लटपटणारे गुडघे. पाय मुरगळण्याचे प्रकार चढताना कमी, उतरताना जास्त.

जमेल असा क्रम सांगायचा तर: पहिल्या दिवशी हृषिकेश ते गुप्तकाशी, सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच सोनप्रयाग गाठा. खासगी गाडी तिथेच थांबते, पुढचे पाच किलोमीटर ठरलेल्या भाड्याच्या जीपने जायचं, आणि या जीपची रांग हाच खरा अडसर. उजाडताना गौरीकुंडातून पाय निघाले पाहिजेत. दुपारनंतर वर सोडत नाहीत आणि ती वेळ हवामानाप्रमाणे बदलते. जंगलचट्टी, भीमबली, लिंचोली असे टप्पे घेत वर जा, रात्र वर किंवा दम लागला तर लिंचोलीला काढा, आणि दर्शन तिसऱ्या दिवशी पहाटे. पाठीवरची पिशवी जास्तीत जास्त पाच-सहा किलोची, बाकी सामान गुप्तकाशीच्या लॉजवर ठेवून या.

विरळ हवेचा त्रास असा ओळखा: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. डोकं दुखतंय आणि सोबत यापैकी एखादं लक्षण आहे, तर आणखी वर जायचं नाही. तिथेच थांबा, पाणी प्या, उबेत राहा. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात न्या आणि खाली उतरवा. पाचशे-हजार मीटर उतरल्यावर फरक पडतो. कापूर हुंगल्याने शरीरातला ऑक्सिजन वाढत नाही, नाक मोकळं वाटतं एवढंच. विरळ हवेच्या त्रासासाठी घेतात ती अॅसिटाझोलामाइडची गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर पूर्ण बंद. बीपी, शुगर, हृदयविकार असलेला मित्र सोबत असेल तर त्याची तपासणी भुसावळला करा, गौरीकुंडात नाही.

घोडा, डंडी (माणसांनी उचललेली पालखी) किंवा कंडी (माणसाच्या पाठीवरची टोपली) हवी असेल तर प्रशासनाच्या खिडकीवर पावती फाडूनच घ्या. वाटेत ठरवलेला दर अर्ध्या रस्त्यात वाढतो. पावतीवरचा क्रमांक आणि घोडेवाल्याच्या ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा. घोड्यावर बसलेला मित्र चालणाऱ्यांच्या तीन तास आधी पोहोचतो आणि मोबाइलला रेंज नसते, म्हणून भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवा.

कपडे आणि शिदोरी

आपण कापूस पिकवणारी माणसं, पण वर कापसाचाच कपडा घात करतो. घामाने किंवा पावसाने भिजलेला सुती बनियन आणि जीन्स वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत सिंथेटिक, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, सर्वात वर पाणी न शिरणारं जॅकेट. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. नवे बूट घालून चढू नका, महिनाभर आधी वापरायला लागा. मोज्यांचा एक जोड पिशवीत बांधून कोरडा ठेवा.

दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, आखाजीच्या उरलेल्या सांजोऱ्या, केळीचे वेफर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. ओली भाजी रेल्वेतल्या उन्हात पहिल्याच दिवशी आंबते. दशम्या पहिल्या तीन दिवसांत संपवा, टिकाऊ जिन्नस वर न्या. गॅसची शेगडी रेल्वेत नेणं गुन्हा आहे. आणि वर चहा-मॅगीचे दर पाहून भांडू नका, प्रत्येक पाकीट खेचराच्या पाठीवरून वर आलेलं असतं.

सोनप्रयागच्या वर एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. रेंज गेली की यूपीआयही गेलं. माणशी तीन-चार हजार रोख, त्यातले निम्मे शंभरच्या नोटांत. सामाईक खर्चाला एकच खजिनदार ठेवा आणि रोज रात्री हिशोब ग्रुपवर टाका.

रस्ता बंद झाला तर

उत्तराखंडातलं श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधलं सिरोबगड, पिपळकोटीजवळचा पागल नाला, बद्रीनाथच्या अलीकडचं लांबगड ही दरडींची नेहमीची ठिकाणं. गाड्यांची रांग दिसली की तिच्यात घुसून बसू नका. चालकाला मागच्या गावात थांबायला सांगा. खोली, जेवण, शौचालय तिथेच मिळतं आणि तासाभरात तिथलेही दर चढतात. रस्ता कधी खुलणार हे पोलिसांना किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला विचारा, हॉटेलवाल्याला नाही. केदारहून बद्रीला जाताना रुद्रप्रयागची बाजू अडली असेल तर उखीमठ, चोपता, गोपेश्वर, चमोली असा दुसरा रस्ता आहे. चमोलीच्या पुढे मात्र पर्याय नाही. तिथे अडकलात आणि मोकळा दिवसही संपला, तर बद्रीनाथ सोडून परत फिरायचं. कोणत्या दिवशी किती वाजता परत फिरायचं, हे हृषिकेश सोडण्याआधीच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. लांबगडच्या रांगेत उभे राहून त्यावर कधीच एकमत होत नाही.